क्वेरसेटिनची कॅप्सूल : कुणी घ्यावी, कुणी टाळावी

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि मंडळी चहासाठी थांबली होती. तेवढ्यात वस्तीतले एक काका आमच्याकडे आले. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना सात-आठ वर्षे झाली आहेत. "जय भीम ताई, जरा हे वाचून सांगता का?" असे म्हणत त्यांनी पिशवीतून एक डबी काढली आणि आमच्यातल्या एकीच्या हातात दिली. डबीवर हिरव्या पानांचे चित्र होते. मोठ्या अक्षरांत लिहिले होते : क्वेरसेटिन ५०० मिलिग्रॅम. खाली बारीक अक्षरांत बरेच काही होते, पण ते वाचायला भिंग लागले असते.

"कुणी दिली, काका?"

"आपल्या गल्लीतला पोरगा विकतो. पोरगा चांगला आहे हो. म्हणाला, झाडपाल्याची आहे, कांद्यात असतं तेच यात आहे. हिनं बीपी उतरतो, मग डॉक्टरची गोळी लागत नाही."

"मग डॉक्टरांची गोळी?"

काका जरा थांबले. "दहा दिवस झाले, बंद केली."

विहारातल्या यंत्रावर त्यांचा रक्तदाब पाहिला. वरचा आकडा १७० आणि खालचा १०० होता. बोलता बोलता आणखी एक गोष्ट कळली. काकांच्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन झालेले आहे आणि ते रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घेतात. म्हणजे जी गोळी थांबवायची नव्हती ती थांबली होती, आणि जिच्यासोबत ही कॅप्सूल विचारल्याशिवाय घ्यायची नव्हती ती गोळी चालूच होती. काकांना आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले. ते वेळेवर सावरले. पण अशा डब्या आज अनेक घरांत आहेत आणि प्रत्येक वेळी कुणी विचारायला येतेच असे नाही. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही हाच विषय घेतला आहे.

क्वेरसेटिन म्हणजे काय?

झाडांच्या पानांत, फुलांत आणि फळांच्या सालींत फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्ये असतात. वनस्पतींमधले कितीतरी रंग त्यांच्यामुळे येतात. ऊन आणि कीड यांच्यापासून झाडाचा बचाव करण्यातही त्यांचा वाटा असतो. क्वेरसेटिन हे त्यांपैकीच एक, पिवळ्या रंगाचे द्रव्य. त्याचे नाव ओक या झाडाच्या लॅटिन नावावरून आले आहे. आपल्याकडे मात्र ते सगळ्यांत ओळखीच्या ठिकाणी सापडते, ते म्हणजे कांद्यात. लाल कांद्यात ते भरपूर असते, पांढऱ्या कांद्यात फार थोडे. कोथिंबीर, शेपू, शेवग्याचा पाला, सफरचंदाची साल आणि चहा यांतही ते असते.

फ्लॅव्होनॉइडांबद्दलचे कुतूहल आजचे नाही. १९३६ साली हंगेरीतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्योर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबाच्या सालीतील अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन पी' असे नाव सुचवले होते. क जीवनसत्त्वावरील संशोधनासाठी १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळालेले तेच हे शास्त्रज्ञ. पण पुढे हे नाव मागे पडले, कारण ही द्रव्ये जीवनसत्त्वाच्या व्याख्येत बसत नव्हती. क जीवनसत्त्व मिळाले नाही तर स्कर्व्ही होतो. क्वेरसेटिन मिळाले नाही म्हणून होणारा असा कोणताही आजार नाही. त्यामुळे "तुमच्या शरीरात क्वेरसेटिनची कमतरता आहे" असे कुणी सांगितले, तर त्या वाक्याला आधार नाही हे लक्षात ठेवा.

फायदा किती, पुरावा किती?

क्वेरसेटिनमध्ये काहीच दम नाही, असे आमचे म्हणणे नाही. प्रयोगशाळेत ते दाह कमी करते आणि पेशींना होणारी इजा रोखते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण काचेच्या नळीत जे घडते ते माणसाच्या शरीरात तसेच घडेल याची खात्री नसते. क्वेरसेटिन पोटात गेल्यावर आतड्यातून थोडेच शोषले जाते. जे शोषले जाते त्याचेही आतडे आणि यकृत लगेच रूप बदलून टाकतात. म्हणून माणसांवर झालेल्या अभ्यासांत काय दिसले तेच महत्त्वाचे.

रक्तदाबाबाबत सगळ्यांत चांगला पुरावा आहे. २०१६ साली सात चाचण्यांतील ५८७ जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. क्वेरसेटिन घेणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ३ अंकांनी आणि खालचा अडीचच्या आसपास अंकांनी कमी झालेला दिसला. हा परिणाम रोज ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यांत स्पष्ट होता. म्हणजे फायदा आहे, पण तो ३ अंकांचा आहे. काकांचा आकडा १७० होता. तो १६७ झाला असता तर काय साधले असते? डॉक्टर देतात ती रक्तदाबाची एक साधी गोळी नेहमीच्या मात्रेत वरचा आकडा सरासरी ९ अंकांनी उतरवते. आणि ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी जेवणातले मीठ रोज चार-साडेचार ग्रॅमने कमी केले, तर सरासरी ५ अंक उतरतात. मीठ कमी करायला एक रुपयाही लागत नाही.

सर्दी-खोकला आणि 'इम्युनिटी'बद्दल बोलायचे तर कोरोनाच्या काळात क्वेरसेटिन आणि झिंकचे निरोप मोबाइलवर खूप फिरले. सर्दी-पडशावर याची एक मोठी चाचणी त्याआधीच, २०१० साली प्रसिद्ध झाली होती. त्यात सुमारे एक हजार लोकांना १२ आठवडे रोज ५०० किंवा १००० मिलिग्रॅम क्वेरसेटिन किंवा नुसतीच दिसायला सारखी, औषध नसलेली गोळी दिली गेली. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तेव्हा सर्दी-पडशात फरक पडला नाही. ज्यांचे वय चाळिशीपुढे होते आणि जे स्वतःला तंदुरुस्त म्हणवत होते, अशा गटात मोठ्या मात्रेने आजारपणाचे दिवस काहीसे कमी दिसले. एवढ्यावरून सगळ्यांनी डबी आणावी असे ठरत नाही.

मधुमेहात साखर कमी होते का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. कर्करोग बरा होतो, असे माणसांवरील अभ्यासांत सिद्ध झालेले नाही. २०११ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने क्वेरसेटिन पेशींना इजेपासून वाचवते हा विक्रेत्यांचा दावा तपासला आणि तो मान्य केला नाही.

कांदा आणि कॅप्सूल : एकच गोष्ट नव्हे

"कांद्यातच असतं ना, मग काय होतंय?" हा प्रश्न आम्हाला वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. १०० ग्रॅम कांद्यात, म्हणजे एका मध्यम कांद्यात, साधारण २० ते ४० मिलिग्रॅम क्वेरसेटिन असते. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये सव्वा ते अडीच किलो कांद्यांएवढे क्वेरसेटिन आले. आपल्यापैकी कुणी एका दिवसात अडीच किलो कांदे खाल्ले आहेत काय? रोजच्या जेवणातून माणसाच्या पोटात जाणारे क्वेरसेटिन बहुधा १०० मिलिग्रॅमच्या आतच असते.

म्हणजे भाकरीबरोबरचा कांदा हे अन्न आहे. कॅप्सूलमधली मात्रा मात्र औषधासारखी आहे. औषधाइतकी मात्रा घेतली की औषधासारखेच नियम लागू होतात : किती घ्यायची, किती दिवस घ्यायची, कशाबरोबर घ्यायची नाही. 'झाडापासून आलेली' हा सुरक्षिततेचा दाखला होऊ शकत नाही. धोतराही झाडच आहे.

नेदरलँड्समधील झुटफेन या गावातल्या ८०५ वृद्ध पुरुषांचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात फ्लॅव्होनॉइड जास्त होते, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. विक्रेते या अभ्यासाचा दाखला देतात. पण त्या वृद्धांना ते द्रव्य मुख्यतः चहा, कांदा आणि सफरचंदातून मिळत होते, कॅप्सूलमधून नव्हे. शिवाय भाज्या-फळे खाणाऱ्या माणसाच्या इतर सवयीही वेगळ्या असतात. त्यामुळे सगळे श्रेय एकट्या फ्लॅव्होनॉइडला देता येत नाही.

कुणी सावध राहावे?

निरोगी प्रौढ माणसाने रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम क्वेरसेटिन काही आठवडे, १२ आठवड्यांपर्यंत, घेतले तर सहसा मोठा अपाय दिसलेला नाही. काहींना डोकेदुखी, पोट बिघडणे किंवा हातापायांना मुंग्या येणे असा त्रास होतो. वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते, याचा भरवशाचा अभ्यास झालेला नाही. पुढील मंडळींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबी उघडूच नये.

रक्त पातळ करणारी गोळी घेणारे : वॉरफॅरिनसारख्या गोळीचा परिणाम क्वेरसेटिनमुळे वाढू शकतो. तसे झाले तर हिरड्यांतून, नाकातून किंवा पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. आमच्या काकांचा खरा धोका हाच होता.

किडनीचा आजार असणारे : कर्करोगाच्या रुग्णांना क्वेरसेटिन मोठ्या मात्रेत शिरेतून देऊन पाहिले, तेव्हा किडनीला अपाय झालेला आढळला. तोंडाने घेण्याची मात्रा कमी असली, तरी ज्यांची किडनी आधीच दुबळी आहे त्यांनी हा जुगार खेळू नये.

अवयव बदललेले रुग्ण : किडनी बदलल्यावर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाचे रक्तातील प्रमाण क्वेरसेटिनमुळे बदलते. यात जोखीम पत्करायला जागाच नाही.

इतर औषधे घेणारे : ॲलर्जीसाठी दिल्या जाणाऱ्या फेक्सोफेनाडीनचे उदाहरण पाहा. निरोगी लोकांना आठवडाभर क्वेरसेटिन देऊन नंतर ही गोळी दिली, तेव्हा तिचे रक्तातील प्रमाण निम्म्याहून अधिक वाढले. हृदयासाठी डिगॉक्सिन, कोलेस्टेरॉलची गोळी, साखरेची गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीचे प्रतिजैविक, कर्करोगाची केमोथेरपी, यांपैकी काहीही चालू असेल तर डबी डॉक्टरांना दाखवा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनी : या काळात कॅप्सूल सुरक्षित आहे असे दाखवणारी पुरेशी माहिती नाही. म्हणून घेऊ नये. रोजच्या जेवणातला कांदा, कोथिंबीर, शेवगा खायला काहीच हरकत नाही.

अंगात रक्त कमी असणाऱ्या भगिनी : क्वेरसेटिन लोहाला धरून ठेवते. उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे लोह कमी शोषले गेले. आपल्या लेकी-सुनांत ॲनिमिया किती आहे, हे आरोग्य शिबिरात दरवेळी दिसते. लोहाच्या गोळीबरोबर ही कॅप्सूल घेऊ नका. चहाचेही तसेच आहे. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर ती बरीचशी वाया जाते.

सिकलसेलचे रुग्ण : विदर्भातील आपल्या समाजात हा आजार कितीतरी घरांत आहे आणि या घरांत प्रत्येक नव्या औषधाची आशा लागलेली असते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच स्पष्ट सांगतो : क्वेरसेटिन हा सिकलसेलवरचा सिद्ध झालेला उपचार नाही. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी दिले असेल तर ते कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. या आजारात किडनीलाही इजा होऊ शकते, ही गोष्टही विसरू नका.

घ्यायचीच ठरवली तर

वरच्या यादीत आपण बसत नाही, डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही आणि खर्च परवडतो, अशी परिस्थिती असेल तर काही गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, लेबल वाचा. आपल्या देशात अशा उत्पादनांवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक असावा लागतो. ते औषधी वापरासाठी नाही, हेही लिहावे लागते. ही ओळ लहान अक्षरांत असते. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ती मोठ्याने वाचायला सांगा. जी वस्तू स्वतःच्या लेबलवर 'औषध म्हणून वापरू नका' असे सांगते, ती रक्तदाबाच्या गोळीची जागा कशी घेईल?

दुसरी गोष्ट, एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते पाहा. काही डब्यांवर दोन किंवा तीन कॅप्सूल मिळून होणारी मात्रा ठळक छापलेली असते. लेबलवरच्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका. लवकर गुण यावा म्हणून दुप्पट घेणे तर मुळीच नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली अन्नपदार्थांत क्वेरसेटिन घालण्याला हरकत घेतली नाही, तेव्हा समोर असलेली मात्रा एका वेळच्या वाढपात ५०० मिलिग्रॅमपर्यंतची होती.

तिसरी गोष्ट, जेवणानंतर घ्या. जेवणात थोडे तेल-तूप असेल तर ते जास्त शोषले जाते आणि पोटालाही त्रास कमी होतो.

चौथी गोष्ट, तारीख लिहून ठेवा आणि ८ ते १२ आठवड्यांनी थांबून हिशोब करा. रक्तदाबासाठी घेत असाल तर सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहा. आकडा बदलला नसेल तर पैसे वाचवा. ऑपरेशन ठरले असेल तर सर्जनला आधीच सांगा.

पाचवी गोष्ट सगळ्यांत मोलाची. डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" असे विचारले की आपण "नाही" म्हणतो, कारण कॅप्सूल, काढा, चूर्ण आपण औषधात धरत नाही. ते धरा. डबीच पिशवीत टाकून न्या.

पैसे कुठे लावावेत?

काकांच्या डबीला जेवढे पैसे गेले, तेवढ्यात त्यांच्या घरी महिनाभराची भाजी आली असती. ती विकणाऱ्या मुलावर आमचा राग नाही. शिकूनही नोकरी नाही, म्हणून तो साखळी पद्धतीच्या विक्रीत उतरला. त्याला सभेत जे सांगितले तेच तो मनापासून पुढे सांगतो. पण आपुलकीच्या माणसाने सांगितले म्हणून औषधाची गोष्ट खरी होत नाही. ती तपासावीच लागते.

क्वेरसेटिनच हवे असेल तर ते आपल्या ताटात आहे. लाल कांदा घ्या. तो सोलताना वरचा पातळ कोरडा पापुद्रा काढा, पण त्याखालचा जाड रसरशीत थर फेकू नका. हे द्रव्य बाहेरच्या थरांत जास्त असते. पापुद्र्यावर काळी बुरशी दिसली तर तो भाग टाकून द्या. भाजी उकळली की क्वेरसेटिनचा काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी ओतून न देता आमटीत घाला. आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी करा. तो पाला कित्येक अंगणांत फुकट मिळतो. कोथिंबीर काड्यांसकट वापरा. शेपूला मुलांनी नाक मुरडले तरी मुगाच्या डाळीत घालून करा.

त्याच ताटातले मीठ मात्र पाहा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळे मिळून एक लहान चमचा. कांदा-भाकरीसोबतचा खारट ठेचा, लोणचे, पापड, सुकट आणि खारे बोंबील यांतच तो चमचा संपून जातो. सुकट चांगली धुऊन घ्या, पापड रोजचा ठेवू नका, ताटात वरून मीठ वाढून घेऊ नका. रोज अर्धा तास चाला. तंबाखू सोडा. आणि रक्तदाबाची तपासणी व गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, त्या घ्यायला संकोच करू नका. तो आपला हक्क आहे.

काका परवा पुन्हा भेटले. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली होती, रक्त तपासले होते आणि जुनी गोळी पुन्हा सुरू केली होती. या वेळी यंत्रावर वरचा आकडा १३८ दिसला. आम्ही विचारले, "काका, डबीचं काय केलं?"

"आहे तशीच ठेवली," ते म्हणाले. "त्या पोराला घरी बोलावलंय. त्यालाच आता ती बारीक अक्षरं वाचायला लावणार आहे."

वाचकहो, तुमच्या घरातही अशी एखादी डबी असेल. आज रात्री जेवणे झाली की ती काढा, उजेडात धरा आणि सगळ्यांनी मिळून वाचा. घरातले कुणी रोजची गोळी घेत असेल तर उद्या दवाखान्यात जाताना ती डबी आठवणीने सोबत घ्या.